पाटीवरचा सहदेव

साकीनाक्यावरून पवईकडे जाणारा रस्ता त्या काळी दोन्ही अंगांनी उघडाबोडका होता. खडीचे ट्रक, त्यांची धूळ, मध्येच म्हशींचे गोठे आणि एका वळणावर डावीकडे उतरणारी कच्ची वाट. त्या वाटेच्या शेवटी, तलावाच्या काठाला, चंद्रप्रकाश शेटची कॉटेजेस होती. कॉटेजेस म्हणजे काय, तर मंगळुरी कौलांची, हिरवा रंग फासलेली बैठी घरं. प्रत्येकापुढे व्हरांडा, वेताच्या खुर्च्या आणि दाराशी नावाची पाटी: 'राजहंस', 'कमलिनी', 'चक्रवाक'. शनिवार-रविवारी मुलुंड-घाटकोपरकडची पैसेवाली मंडळी मोटारीतून तिथे यायची, तलावाकडे बघत कांदाभजी खायची आणि काश्मीरला जाऊन आल्यासारखी परत जायची.

शेटला पाट्यांचा भारी नाद. वळणावर पाटी झोकदार पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक सरळ विक्रोळीला जातं, असं त्याचं म्हणणं. पहिली पाटी त्याने होडीच्या आकाराची केली होती, सागवानी फळीची, वल्ह्यावर 'सुस्वागतम' लिहिलेली. ती पावसाळ्याच्या आधीच कोणाच्या तरी चुलीत गेली. दुसरी पत्र्याची, हंसाच्या जोडीची. तिचे हंस साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडे उडाले. तिसरी, कमळं आणि नारळाची झाडं काढलेली, एका ट्रकने मागे येताना लोळवली. तेव्हा शेटच्या डोक्यात आलं की पाटी अशी हवी जी स्वतःच स्वतःची राखण करील. म्हणून त्याने त्या वळणावर माणूस उभा केला.

तो माणूस म्हणजे सहदेव घाडी. सावंतवाडीकडचा, उंचापुरा, छाती भरदार आणि ओठावर अशी मिशी की गिरणीत फोल्डिंग खात्यातले लोक त्याला सुभेदार म्हणायचे. संप झाला, गिरणीला टाळं लागलं ते लागलंच आणि सुभेदार बिगारीला लागला. शेटने त्याला पवईच्या नाक्यावर विटा उतरवताना पाहिलं आणि जागच्या जागी ठरवून टाकलं. लाल कोट, सोनेरी बटणं, तुऱ्याचा फेटा, हातात 'वेलकम' लिहिलेला बाण. मोटार दिसली की टाच आपटायची, सलाम ठोकायचा, बाण खाली वाटेकडे वळवायचा. सहदेवाला आधी लाज वाटली. मग शेट म्हणाला, "मागच्या बाजूला खोली पण देतो, पाण्याचा नळ दाराशी," आणि लाज जागच्या जागी मेली.

खोलीचं कारण आबा. आबा म्हणजे सहदेवाचा म्हातारा बाप. गावात तो देवळातला घाडी होता, देवापुढे गाऱ्हाणं घालणारा, कोणाच्या घरी सुतक कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे सांगणारा. तो गाव सांभाळायचा, पण त्याला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. धाकट्या मुलाची बायको त्याच्या ताटातल्या भातावरून बोलायची. पडवीच्या पायरीवरून पडून त्याचा खुबा मोडला तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायलाही कोणी उठलं नाही. हाड वाकडं जुळलं. सहदेव गावी जाऊन त्याला घेऊन आला आणि त्याने त्याला असल्फ्याच्या डोंगरावरच्या आपल्या खोलीत ठेवलं. तिथे चढण अशी की धडधाकट माणसाला धाप लागावी. म्हाताऱ्याला परसाकडे न्यायचं तर पाठुंगळीवर घेऊन उतरायचं आणि पाठुंगळीवर घेऊन चढायचं. बाप पाठीवर रडायचा, मुलाला दिसू नये म्हणून तोंड मानेत खुपसून. मानेला ओलं लागायचं ते सहदेव घाम आहे असं समजून घ्यायचा.

तलावाकाठच्या सपाट खोलीत आबा काठी टेकत स्वतःच्या पायाने बाहेर जाऊ लागला. हे एवढंच सहदेवाच्या आयुष्यातलं यश. त्याची नोकरी, त्याचा सलाम, त्याची लाचारी, सगळं त्या एका खोलीपुरतं होतं. खोली गेली तर म्हातारा परत डोंगरावर, नाहीतर फुटपाथवर. डोंगरावरची खोलीही आता दुसऱ्याची झाली होती.

सहदेव उभा राहू लागला तशी वळणावरची गर्दी वाढली. पोरं मोटारीच्या काचेतून हात हलवायची, बायका हसायच्या. तो उन्हात उभा राहिला, पावसात उभा राहिला. कोटाचा लाल रंग उतरून गळ्यावर यायचा तो शेवंती, त्याची बायको, घासून काढायची. पायांच्या शिरा निळ्या-जांभळ्या होऊन फुगल्या. संध्याकाळी ती मिठाच्या पाण्यात त्याचे पाय सोडायला लावायची आणि म्हणायची, "घोडा पण बसतो रे कधीतरी." तो म्हणायचा, "घोड्याला खोली देतात काय?"

पाय फारच सुजायला लागले, तेव्हा शेटच्या नजरेतून ते सुटलं नाही. शेट माणूस वाईट होता, पण आंधळा नव्हता. एका सकाळी तो साकीनाक्याहून श्यामकांत पेंटरला घेऊन आला. हा श्यामकांत थिएटरवरचे मोठे बॅनर रंगवायचा.

"सहदेव, तुझं चित्र काढायचंय," शेट म्हणाला. "फुल साइज. पत्र्यावर. कापून उभं करायचं. असं झकास काढायचं ना, की लोक गाडी थांबवून बघतील."

सहदेव हुरळून गेला. माणसाचा मोठेपणा कुठे सुरू होतो आणि घात कुठे सुरू होतो, हे आधी कळलं असतं तर निम्मं जग सुखी झालं असतं. तो रोज तुऱ्याचा फेटा बांधून श्यामकांतपुढे उभा राहायचा. उभा राहायचा म्हणजे नुसता नाही. "पेंटर, हात जरा वर घ्या, सलाम असा ढिला नसतो," असं सांगायचा. "छाती अजून पुढे." "बटणं चमकू देत." "मिशीचं टोक खाली पडलंय बघा." श्यामकांत हसत हसत सगळं सुधारायचा. पाय मात्र त्याने सरळ काढले, सूज नसलेले. गाल भरले, डोळ्यांखालची काळजी पुसून टाकली. स्वतःच्या जागेवर बसणाऱ्याला सहदेवाने स्वतःच्या हाताने इतकं देखणं करून दिलं.

शेवंतीला ते आवडलं नाही. "तुझी पाटी झाली, मग तू कशाला रे लागतोस त्यांना?" तिने विचारलं.

"काय पण तुझं! पाटी सलाम ठोकते काय?"

"ठोकलेलाच काढलाय ना तिच्यावर."

सहदेव तिच्यावर ओरडला.

दसऱ्याला ती पत्र्याची आकृती वळणावर सिमेंटात रोवली. अंगाने सहदेवापेक्षा वीतभर उंच, लाल कोट नवाकोरा, ओठांवर हसू. पायाशी कमळं, दोन हंस आणि 'सुस्वागतम'. शेटने गाड्यांना घालतात तसा झेंडूचा हार तिच्याही गळ्यात घातला. आबा काठी टेकत बघायला आला होता. त्याने तो हार पाहिला आणि पोरासोरांसमोर काठीने खाली ओढला. "जित्या माणसाच्या तसबिरीक हार घालतंत?" म्हातारा ओरडला. शेट हसला. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं, असं तो पेंटरला म्हणाला आणि पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी शेटने लाल कोट परत मागितला.

"आता उन्हात तापायची गरज नाय तुला," तो म्हणाला. "आतली कामं बघ. झाडू, पाणी, संडास. खोली राहील तुझी."

खोली राहील म्हटल्यावर सहदेव काय बोलणार? त्याने कोट घडी करून दिला. बनियन आणि अर्ध्या चड्डीवर तो बादल्या उचलू लागला. पायाला बरं वाटतंय, असं शेवंतीला सांगू लागला. खोटंही नव्हतं ते. पाय खरंच उतरले होते.

पण तोंड तेच होतं ना! एका रविवारी 'राजहंस'मध्ये मुलुंडचं एक कुटुंब उतरलं. सहदेव मोरीत फिनेल टाकत होता. त्यांची मुलगी दारात उभी राहून टाळ्या पिटायला लागली, "मम्मी, बघ ना! पाटीवरचा राजा संडास धुतोय!" आई धावत आली, तिने पाहिलं, पदर तोंडाला लावला. मग बाप आला. त्याने सहदेवाला सरळ उभं राहायला सांगितलं, हातात झाडू तसाच ठेवून सलाम करायला लावला आणि सगळे पोट धरून हसले. सहदेवानेही हसल्यासारखं केलं. जाताना ती बाई शेटला म्हणाली, "बाहेर एवढा थाट आणि आत हाच बादल्या उचलतो? तुमचं सगळंच असं पत्र्याचं आहे वाटतं."

हे शेटच्या जिव्हारी लागलं. गिऱ्हाइकाने भज्यांना नावं ठेवली तर तो सोडून द्यायचा, पण पाटीला नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. त्याने सहदेवाला बोलावलं.

"एक तर मिशी काढ, नायतर खोली सोड," तो म्हणाला. "लोक तुला ओळखतात. पाटीची वाट लागते. आणि रस्त्याकडे दिसायचं नाय. वळणावर तर अजिबात नाय. समजला ना?"

"शेट, मिशी..." सहदेवाने हातातली बादली खाली ठेवली. "आमच्यात बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत. बाप गेला की काढतात. आबांना काय वाटेल?"

"मग आबांना घेऊन जा गावाला. मी कुठे अडवलंय?"

सहदेवाने पाय धरले. शेटने पाय काढून घेतले, रागाने नाही, चप्पल मळेल म्हणून. विचार करायला त्याने उद्यापर्यंतचा वेळ दिला आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला.

सहदेव शेवंतीला काही बोलला नाही. सकाळी उठून साकीनाक्याला गेला, एका न्हाव्याच्या खुर्चीत बसला आणि मिशी काढायला सांगितली. न्हावी आपल्याच बाजूचा, देवगडचा निघाला. त्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण? आई की वडील?"

सहदेवाने मानेभोवतीचं फडकं नीट केलं.

"सांगा हो. आईबाप असलेल्या माणसाची मिशी मी नाही उतरवत. पाप मला लागेल."

आरशात सहदेवाला स्वतःचं तोंड दिसत होतं. आबाच्या पाठुंगळीवरच्या रडण्याची ओल त्याच्या मानेला जाणवत होती. उठून जावं असं वाटलं. आणि उठून जायचं कुठे, तेही वाटलं.

"वडील," तो म्हणाला.

न्हाव्याने हात जोडले. "चांगलं मरण आलं ना?" त्याने विचारलं. सहदेवाने मान हलवली. मग वस्तरा फिरला. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत, दुखवट्याचे घेत नसतो म्हणाला.

खोलीच्या दाराशी आबा उन्हाला बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू होता त्याच्या, पण एवढा नव्हता. त्याने मुलाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. काठीवरची मूठ घट्ट झाली.

"कोण गेलो रे?"

"कोण नाय, आबा."

"मगे मिशी खय तुजी?"

"शेटान सांगल्यान. कामासाठी. खोली ऱ्हवची तर..."

"न्हाव्यान इचारल्यान नाय तुका?"

सहदेव उंबऱ्यावर खाली बसला. बापाशी तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता, आणि आता बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

"इचारल्यान," तो म्हणाला.

"मगे तू काय सांगलंस?"

आतून शेवंती बाहेर आली, तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. गावातल्या शेकडो घरांची सुतकं ज्याने सांगितली, त्या म्हाताऱ्याला आपलं सुतक ओळखायला वेळ लागला नाही.

"बरा केलंस," आबा म्हणाला. "झाला तर मगे." त्याने काठी टेकली, उठला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. सहदेवाने भाताचं ताट नेलं, ते त्याने घेतलं नाही. शेवंतीने नेलं, तिच्या हातून चार घास खाल्ले.

दुसऱ्या सकाळी म्हातारा अंथरुणात नव्हता. शेवंती शोधत निघाली. मोडक्या खुब्याने वाट चढून तो वळणावर पोचला होता आणि पत्र्याच्या सहदेवाच्या पायाशी, हंसांना पाठ टेकून बसला होता. ती त्याला उठवायला गेली तर तो तिच्या हातावर थोपटून म्हणाला, "ऱ्हव दे गो. मी माज्या झिलाकडे बसलंय." आणि त्याने वर, पत्र्याच्या मुलाकडे बोट केलं. वर मिशी होती, भरदार, टोकं वळवलेली.

शेवंती रडली, ओरडली, सासऱ्याला हात जोडले. त्याचा उपयोग झाला नाही. संध्याकाळी ती त्याला धरून आणायची, तो तिच्या हातचं जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि सकाळी पुन्हा निघायचा. मुलाकडे त्याने पाहिलं नाही. ज्या बापासाठी खोली ठेवली तो बाप खोलीत फक्त रात्र काढत होता, आणि ज्या मुलाने ती ठेवली त्याला वळणावर जायची बंदी होती. सहदेव चहाचा पेला घेऊन मेंदीच्या कुंपणापर्यंत जायचा आणि तिथून तो शेवंतीच्या हाती द्यायचा.

शेट आता म्हाताऱ्याला हाकलणार, असं शेवंतीला वाटलं होतं. तिने त्याला कमी ओळखलं होतं. गिऱ्हाइकांना ते दृश्य फार आवडलं. उभा शिपाई, पायाशी पांढऱ्या दाढीचा म्हातारा, मागे तलाव! लोक मोटारी थांबवून फोटो काढायला लागले. शेटने शेवंतीला बोलावून सांगितलं, "म्हाताऱ्याला रोज धुतलेलं धोतर देत जा. आणि फेटा बांध डोक्याला. माझ्याकडून." लाल फेटा आला. म्हातारा मुकाट्याने तो बांधून घ्यायचा.

असे काही महिने गेले. चैत्राचं ऊन लागलं. एका रविवारी दुपारी शेवंती रॉकेलच्या रांगेला गेली होती. सहदेव कुंपणाआड घमेलं घासत होता आणि नेहमीसारखा मेंदीच्या फटीतून बापाकडे बघत होता. एक पांढरी मोटार येऊन थांबली. बडं गिऱ्हाईक असावं, कारण शेट स्वतः वाटेवरून पुढे धावला. माणसं उतरली, बायका उतरल्या, कॅमेरा निघाला. दोघी-तिघी आकृतीला खेटून उभ्या राहिल्या.

म्हाताऱ्याची काठी घरंगळत रस्त्यावर गेली. त्याने ती उचलली नाही. मान एका बाजूला कलली, फेटा सुटून खांद्यावर आला.

"आजोबा झोपले वाटतं," एक बाई म्हणाली.

"त्यांना सरळ बसवा ना कोणीतरी. फोटोत मान वाकडी येते," दुसरी म्हणाली.

सहदेव उठून उभा राहिला. घमेलं खाली पडलं. त्या आवाजाने शेटने कुंपणाकडे पाहिलं. सहदेवाचं बोडकं तोंड त्याला मेंदीवर दिसलं. त्याने गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेताने नुसती मान हलवली. नाही.

आणि सहदेव थांबला. हे सांगताना जीभ जड होते, पण तो थांबला. एवढी वर्षं सलाम ठोकून, पाय सुजवून, मिशी उतरवून राखलेली खोली त्याच्या पायांत आली. शेटने स्वतः म्हाताऱ्याची हनुवटी धरून मान सरळ केली, फोटो निघाला, तोंडाला फेस आलाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. मग मंडळी मोटारीत बसली आणि मोटार धूळ उडवत वाट उतरून कॉटेजेसकडे गेली.

ती गेल्यावर सहदेव धावला. त्याने बापाला मांडीवर घेतलं, तोंड पुसलं, आबा आबा म्हणून हलवलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले. किती तरी महिन्यांनी त्याने मुलाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, वरच्या ओठापाशी नजर थांबली.

"तुमी कोण?" त्याने विचारलं. ओळखूनच विचारलं. "माज्या झिलाक हाक मारा. सहदेव नाव त्याचा. हंयच उभो आसा."

सहदेवाने वर पाहिलं. ऊन पत्र्यावर तापलं होतं आणि आकृती रस्त्याकडे बघून हसत होती.

"मारतंय," तो म्हणाला. मग बापाला छातीशी धरून, वर मान करून त्याने हाक मारली, "सहदेवा!" म्हातारा वाट बघत होता, म्हणून त्याने पुन्हा मारली, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा मारायची गरज राहिली नाही.